मराठी साइटचा फॉन्ट: वजन कुठे वाढतं आणि अक्षर कुठे फुटतं

साइट वेगवान करण्याचे जे सल्ले सगळीकडे वाचायला मिळतात, त्यांतले फॉन्टविषयीचे जवळजवळ सगळे रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेले असतात. ते मराठी साइटला जसेच्या तसे लावले की एक तर पान जड होतं, नाही तर ‘करणाऱ्या’सारखा रोजचा शब्द तुटका दिसतो. अनेकदा दोन्ही होतं. देवनागरीसाठी काय वेगळं करावं लागतं आणि का, ते इथे लिहितो आहे.

आधी वजनाचा हिशोब. एखाद्या फॉन्टची फक्त रोमन अक्षरांची फाइल वॉफ-२ या वेबसाठीच्या दाबलेल्या स्वरूपात साधारण १५ ते २५ केबी भरते. त्याच फॉन्टची देवनागरी फाइल अनेकदा तिच्या तिप्पट-चौपट असते. युनिकोडमधला देवनागरीचा मुख्य गट जेमतेम १२८ जागांचा आहे, त्यामुळे एवढं वजन येतं कुठून, असा प्रश्न पडतो. ते येतं जोडाक्षरांतून. ‘द्ध’, ‘ट्ट’, ‘ह्य’, ‘श्र’, अर्धा ‘च’, अर्धा ‘त’, छोट्या-मोठ्या वेलांट्या, रफार आणि अनुस्वार एकत्र आल्यावरचे आकार, यांतल्या कशालाच स्वतःचा युनिकोड क्रमांक नाही. हे आकार फॉन्टच्या पोटात असतात आणि ‘जीसब’ नावाच्या कोष्टकातल्या नियमांनी अक्षरांच्या जागी येऊन बसतात. ब्राउझर मजकूर दाखवण्याआधी हे नियम चालवतो. क्रोम आणि फायरफॉक्स हे काम हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेतात, सफारी ॲपलच्या कोअर टेक्स्टकडून.

लाइटहाउस हे गूगलचं वेग मोजणारं साधन मोबाइलची चाचणी घेतं तेव्हा नेटचा वेग सेकंदाला १.६ मेगाबिट आणि फेरीचा वेळ (मागणी जाऊन उत्तर येईपर्यंतचा) १५० मिलिसेकंद धरतं. १.६ मेगाबिट म्हणजे सेकंदाला २०० केबी. ‘मुक्त’ नावाच्या फॉन्टच्या सात जाड्या उपलब्ध आहेत म्हणून चार जोडल्या आणि प्रत्येक फाइल ८० केबीची निघाली, तर ३२० केबी होतात. नुसत्या फॉन्टसाठी १.६ सेकंद गेले. पानाचा सर्वांत मोठा घटक दिसायला अडीच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, ही गूगलची मर्यादा. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ फॉन्ट खातो, आणि त्या काळात चित्रं आणि स्क्रिप्टही त्याच नळीतून येत असतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बातमी, लेख, कथा, सरकारी माहिती, अशा वाचायच्या मजकुराला वेबफॉन्ट, म्हणजे पानासोबत उतरवावा लागणारा फॉन्ट, लावूच नये. अँड्रॉइडवर नोटो सॅन्स देवनागरी असतो, आयफोन आणि मॅकवर कोहिनूर देवनागरी, विंडोज ८ पासून पुढे निर्मला यूआय. तिन्ही नीट वाचता येतात, जोडाक्षरं बरोबर लावतात आणि त्यांची किंमत शून्य केबी आहे. साइटची ओळख शीर्षकांतून दाखवा, तिथे एकाच जाडीचा एक वेबफॉन्ट पुरतो. मजकुरातही वेबफॉन्ट हवाच असेल तर ४०० आणि ७०० या दोनच जाड्या घ्या. तीन किंवा अधिक जाड्या खरोखर वापरात असतील तर बलू २ किंवा नोटोसारखा व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलीत सगळ्या जाड्या असलेला) परवडतो का, ते फाइली शेजारी ठेवून मोजा. दोन जाड्यांसाठी तो बहुधा परवडत नाही.

फाइल कापताना

फॉन्टची मूळ टीटीएफ फाइल उतरवून फॉन्टटूल्समधल्या पायएफटी-सबसेट या साधनाने कापणं, म्हणजे नको ते आकार काढून टाकणं, हा सर्वांत विश्वासाचा मार्ग. कोणते क्रमांक ठेवायचे ते त्याला सांगावं लागतं. मराठीसाठी यू+०९०० ते यू+०९७एफ हा गट पूर्ण ठेवा. त्यातली चार अक्षरं ‘आपल्याला लागत नाहीत’ म्हणून काढण्यात काहीच वाचत नाही, कारण वजन जोडाक्षरांचं आहे. शिवाय यू+२००सी आणि यू+२००डी हे दोन अदृश्य जोडक, यू+२०बी९ हे रुपयाचं चिन्ह आणि यू+२५सीसी हे ठिपक्यांचं वर्तुळ हवंच. वैदिक स्वरचिन्हांचे गट मात्र खुशाल सोडा.

अदृश्य जोडक का हवेत? ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकित केलेला सापडतो. काही जण ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापुढे हलंत देतात, तर काही ‘र’, हलंत आणि मग यू+२००डी असा क्रम देतात. जुन्या मजकुरात दुसरा प्रकार भरपूर आहे. फॉन्टमध्ये किंवा स्टाइलशीटमधल्या युनिकोड-रेंजमध्ये (फॉन्ट कोणत्या क्रमांकांना लावायचा त्या यादीत) हा जोडक नसेल, तर ब्राउझर तो दुसऱ्या फॉन्टकडे मागू शकतो. मग शब्दाचे दोन तुकडे पडतात, जोडाक्षराचा नियम तुटतो आणि ‘दऱ्या’ऐवजी ‘दर्या’ किंवा मोडका हलंत दिसतो. ठिपक्यांच्या वर्तुळाचं काम वेगळं आहे. टंकनात चूक होऊन मात्रा अक्षराशिवाय सुटी पडली की ती या वर्तुळावर बसवून दाखवतात. वर्तुळ फॉन्टमध्ये असेल तर चूक लगेच नजरेत येते.

पायएफटी-सबसेट भारतीय लिप्यांचे नियम आपणहून जपतो आणि त्या नियमांतून पोचता येणारे सगळे आकारही ठेवतो. गडबड होते ती ऑनलाइन ‘फॉन्ट लहान करा’ छापाच्या साधनांनी. त्यांतली काही फक्त युनिकोड क्रमांक असलेले आकार ठेवतात आणि नियमांचं कोष्टक टाकून देतात. फाइल एकदम लहान होते, पण ‘विद्यार्थी’मध्ये हलंत उघडा पडतो आणि रफार ‘र्’ म्हणून आधीच उभा राहतो. फाइल अनपेक्षितपणे लहान झाली तर आनंद न मानता आधी एखादं जोडाक्षर तपासा. खरी बचत हवी असेल तर हिंटिंग (कमी घनतेच्या पडद्यावर अक्षर रेखीव दिसावं म्हणून फॉन्टमध्ये दिलेल्या सूचना) काढून टाकणारा पर्याय वापरून पाहा. आजच्या फोनच्या पडद्यांवर त्याने फरक जाणवत नाही. विंडोजच्या जुन्या, कमी घनतेच्या पडद्यावर लहान अक्षरं मात्र एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

चिनी-जपानी फॉन्टचे शंभराहून जास्त तुकडे करून लागेल तोच तुकडा उतरवतात, तसं देवनागरीत का करू नये, असं वाटणं साहजिक आहे. तिथे प्रत्येक चिन्ह सुटं असतं. इथे ‘क’ एका फाइलीत आणि ‘ष’ दुसऱ्या फाइलीत गेला की ‘क्ष’ तयारच होणार नाही, कारण जोडण्याचे नियम एका फॉन्ट-फाइलीच्या आतच चालतात. देवनागरीची फाइल एकसंधच राहिली पाहिजे. ब्राउझरने पानाला लागतील तेवढेच आकार नियमांसकट मागून घ्यावेत, यासाठी वेबची प्रमाणकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेमध्ये इन्क्रिमेंटल फॉन्ट ट्रान्सफर या प्रमाणकावर काम झालं आहे. भारतीय लिप्यांना त्याचा मोठा फायदा होईल. तोवर कापलेली एक फाइल, हाच उपाय.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मराठीत पूर्णविराम, स्वल्पविराम, कंस, अवतरणचिन्हं, इतकंच काय रिकामी जागासुद्धा रोमन गटातून येते. त्यामुळे गूगल फॉन्ट्ससारख्या तयार सेवेतून फॉन्ट घेतला की शुद्ध मराठी पानालाही देवनागरी आणि लॅटिन अशा दोन फाइली उतरतात. स्वतः फाइल कापत असाल तर रिकामी जागा, विरामचिन्हं, रोमन अंक, वळणदार अवतरणं, लहान-मोठ्या रेघा आणि तीन टिंबांचं चिन्ह देवनागरीच्याच फाइलीत घ्या आणि युनिकोड-रेंजमध्ये तसं लिहा. रोमन अक्षरांची वेगळी फाइल ठेवा. ज्या पानावर इंग्रजी अक्षर नाही तिथे ती उतरतच नाही. चिन्हं एकाच फॉन्टची असल्यामुळे स्वल्पविरामही अक्षराच्या जाडीला शोभतो.

परवान्याकडेही लक्ष द्या. ओपन फॉन्ट लायसन्समध्ये फाइल कापायला मुभा आहे, पण काही फॉन्टच्या परवान्यात नाव राखीव असतं. तसं असेल तर कापलेल्या फाइलीला दुसरं नाव द्यावं लागतं.

फॉन्ट येईपर्यंत काय दिसतं

ब्राउझरला फॉन्टची गरज उशिरा कळते. आधी पान येतं, मग स्टाइलशीट, मग कोणत्या मजकुराला कोणता फॉन्ट हे ठरतं आणि त्यानंतर फाइलीची मागणी जाते. तोवर काय दाखवायचं हे फॉन्ट-डिस्प्ले हा स्टाइलशीटमधला गुणधर्म ठरवतो. ‘ब्लॉक’ दिलं तर सुमारे तीन सेकंद मजकूर अदृश्य राहतो. ‘स्वॅप’ दिलं तर फोनचा फॉन्ट लगेच दिसतो आणि वेबफॉन्ट कधीही आला तरी बदल होतो. ‘फॉलबॅक’मध्ये बदलाची मुदत सुमारे तीन सेकंद असते. ‘ऑप्शनल’मध्ये सुमारे १०० मिलिसेकंदांत फॉन्ट हाती आला तर वापरतात, नाही तर त्या भेटीपुरता सोडून देतात. फाइल साठवली गेली असेल तर पुढच्या पानावर तो दिसतो. शीर्षकांच्या फॉन्टला मी ‘ऑप्शनल’च सुचवेन. वाचायला सुरुवात केल्यावर ओळी हलणं हा वाचकाला सर्वांत जास्त त्रास देणारा प्रकार आहे, आणि ‘ऑप्शनल’मध्ये तो होत नाही.

‘स्वॅप’ ठेवायचाच असेल तर हलणं कमी करता येतं. त्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी समजून घ्याव्या लागतात. उभ्या दिशेचं हलणं बहुतेक वेळा लाइन-हाइट ‘नॉर्मल’ ठेवल्याने होतं, कारण तेव्हा ओळीची उंची प्रत्यक्ष वापरलेल्या प्रत्येक फॉन्टवरून ठरते आणि देवनागरी फॉन्टांची उंची एकमेकांशी अजिबात जुळत नाही. लाइन-हाइटला एकक न लावता १.६५ सारखा आकडा दिला की ओळीची उंची स्थिर राहते. उरतं ते आडवं. नव्या फॉन्टची अक्षरं रुंद असतील तर परिच्छेद सहा ओळींचा सात ओळींचा होतो आणि खालचं सगळं सरकतं. यावर साइझ-अॅडजस्ट, म्हणजे फॉन्टचा आकार टक्क्यांत लहान-मोठा करणारा गुणधर्म, हा उपाय आहे.

तो असा लावा. एक लांब मराठी वाक्य न मोडणाऱ्या एका ओळीत ठेवा आणि दोन्ही फॉन्टांत त्याची रुंदी मोजा. समजा वेबफॉन्टमध्ये ६१२ पिक्सेल आली आणि फोनच्या फॉन्टमध्ये ५८०. भागाकार १.०५५, म्हणजे साइझ-अॅडजस्ट १०५.५ टक्के. आता लोकल स्रोत (उपकरणावरचाच फॉन्ट) देऊन एक पर्यायी फॉन्ट-फेस (स्टाइलशीटमधली फॉन्टची नोंद) लिहा, त्याला ही टक्केवारी आणि फक्त देवनागरीची युनिकोड-रेंज द्या. निर्मला, कोहिनूर आणि नोटो यांच्या रुंद्या वेगळ्या असल्याने तिघांसाठी तीन वेगळ्या नावांचे फेस लागतात. ते फॉन्ट-फॅमिलीत वेबफॉन्टनंतर ओळीने लिहायचे. त्या उपकरणावर जो फॉन्ट असेल तोच लागू होतो. लोकलमध्ये कुटुंबाचं नाव चालत नाही, त्या जाडीचं पूर्ण नाव किंवा पोस्टस्क्रिप्ट नाव लागतं. इथेच बहुतेकांचा प्रयत्न फसतो, आणि कुठलीही त्रुटी न दाखवता फसतो.

नेक्स्टजेएस ही साइट बांधण्याची चौकट वापरणाऱ्यांनी हे नीट वाचावं. त्याची फॉन्टची सोय पर्यायी फॉन्टची मापं आपोआप जुळवते, पण पर्यायी फॉन्ट म्हणून ती एरियल किंवा टाइम्स न्यू रोमन धरते. एरियलमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. त्यामुळे जुळवाजुळव फक्त रोमन अक्षरांना लागते आणि मराठी मजकूर फोनच्या फॉन्टमध्ये, न जुळवलेल्या मापात दिसतो. अहवालात सोय चालू दिसते, पान मात्र हलतंच. वरचे तीन फेस तिथेही हातानेच लिहावे लागतात. तसंच सबसेट्सच्या यादीत फक्त ‘लॅटिन’ लिहिलं तर देवनागरीची फाइल उतरते खरी, पण तिचं प्रीलोड होत नाही, म्हणजे ती गरज कळण्याआधीच मागवली जात नाही. म्हणजे जी फाइल लगेच हवी ती उशिरा येते आणि जिची घाई नाही ती आधी.

प्रीलोडविषयी थोडक्यात. पहिल्या पडद्यावर दिसणारी एकच देवनागरी फाइल प्रीलोड करा. लिंक टॅगमध्ये क्रॉसओरिजिन हा गुणधर्म लिहायलाच हवा, फॉन्ट तुमच्याच सर्व्हरवर असला तरी. फॉन्टची मागणी नेहमी त्याच पद्धतीने जाते. तो गुणधर्म विसरलात तर प्रीलोड केलेली प्रत निरुपयोगी ठरते आणि तीच फाइल दुसऱ्यांदा उतरते. प्रीलोड युनिकोड-रेंज पाहत नाही, हेही लक्षात असू द्या.

फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. ‘वाचकाकडे गूगलचा फॉन्ट आधीच साठवलेला असेल’ हा युक्तिवाद आता लागू होत नाही. क्रोमने २०२० मध्ये ८६व्या आवृत्तीपासून प्रत्येक साइटचा साठा वेगळा केला, सफारीने त्याच्या कितीतरी आधी. बाहेरच्या सर्व्हरशी नवी जोडणी म्हणजे नावाची चौकशी, टीसीपी, टीएलएस आणि मग मागणी, अशा चार फेऱ्या. १५० मिलिसेकंदांच्या फेरीने ६०० मिलिसेकंद फाइलीचा पहिला बाइट येण्याआधीच जातात. स्वतःच्या सर्व्हरवर कॅश-कंट्रोल एका वर्षाचा, म्हणजे ३१५३६००० सेकंदांचा ठेवा, सोबत ‘इम्युटेबल’ लिहा आणि फाइलीच्या नावात आवृत्ती घाला. वॉफ-२ आतून ब्रॉटली या पद्धतीनेच दाबलेला असतो, त्यावर पुन्हा जीझिप लावू नका.

देवनागरीला न मानवणारी स्टाइल

लेटर-स्पेसिंग मराठी मजकुरावर कधीही लावू नका. रोमन शीर्षकांना किंचित मोकळं करण्याची पद्धत आहे, पण इथे शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांची माळ होतो. तयार थीममध्ये हा नियम बटणांवर, मेनूवर आणि लहान लेबलांवर लपलेला असतो. मराठी भाषेच्या निवडकाने (सिलेक्टरने) तो सगळीकडे शून्य करा.

शीर्षकांना लाइन-हाइट १.१ किंवा १.२ देण्याची पद्धतही इथे चालत नाही. वरच्या ओळीतला ‘हृ’ किंवा ‘ट्टू’ आणि खालच्या ओळीतला ‘र्कीं’ एकमेकांत घुसतात. त्यात कार्डावर ओव्हरफ्लो लपवलेला असेल किंवा दोन ओळींनंतर छाटायचा नियम असेल, तर अनुस्वार आणि उकार अक्षरशः कापले जातात. अनुस्वार गेला की अर्थ बदलतो, त्यामुळे हा निव्वळ दिसण्याचा प्रश्न नाही. शीर्षकांना १.३५ ते १.४ आणि मजकुराला १.६ ते १.७ ठेवा.

बहुतेक देवनागरी फॉन्टांना तिरपा प्रकार नसतो, मग ब्राउझर उभी अक्षरं कृत्रिमपणे तिरपी करतो. फॉन्ट-सिंथेसिस-स्टाइल ‘नन’ करा आणि भर द्यायला जाडी किंवा रंग वापरा. शीर्षक अक्षरागणिक सरकत येणारी ॲनिमेशन्सही टाळा. त्यांतली बहुतेक मजकूर एकेका युनिकोड क्रमांकावर तोडतात, आणि ‘स्त्री’चे सहा तुकडे होतात.

एचटीएमएल टॅगवर भाषेचा कोड ‘एमआर’ लिहिलेला असावा. त्याने वाचक-यंत्रणांना मराठी उच्चार मिळतात आणि ज्या फॉन्टांत मराठीसाठी वेगळे आकार दिले आहेत, त्यांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. कोड ‘एचआय’ असेल किंवा नसेलच, तर हिंदी वळण दिसतं. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये मात्र मराठी वळण मुळातच आहे.

मजकुराचे बाइट

फॉन्ट आवरला की मजकुराकडे बघा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. त्यातला पहिला बाइट नेहमी तोच आणि दुसरा दोनपैकी एक असल्यामुळे ब्रॉटली किंवा जीझिप ते फार छान दाबतात, म्हणून सर्व्हरवर दाब चालू आहे ना, हे मराठी साइटने आधी पाहावं. पण रिॲक्टसारख्या चौकटी सर्व्हरवर पान तयार करतात तेव्हा तोच मजकूर जेसन या डेटाच्या रूपात पानाच्या तळाशी पुन्हा येतो. पीएचपी आणि पायथनची जेसन बनवणारी फंक्शनं मूळ स्थितीत प्रत्येक देवनागरी चिन्ह बॅकस्लॅश-यू आणि चार आकडे असं लिहितात, म्हणजे तीनाचे सहा बाइट. पीएचपीत ‘अनएस्केप्ड युनिकोड’चा पर्याय द्या, पायथनमध्ये ‘एन्शुअर आस्की’ फॉल्स करा. ब्राउझरला ते मोकळं करण्याचं कामही वाचतं.

कॅरॅक्टर-सेट सांगणारा मेटा टॅग पहिल्या १०२४ बाइटांत असलाच पाहिजे, असं प्रमाणक सांगतं. इंग्रजी पानावर हे सहज पाळलं जातं. मराठीत लांबलचक शीर्षक आणि वर्णनाचे टॅग आधी आले तर तीनशे चिन्हांतच ९०० बाइट संपतात. तो टॅग हेडमध्ये सर्वांत पहिला लिहा.

तपासणी

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये परिच्छेद निवडा, कॉम्प्युटेड या टॅबच्या तळाशी जा. तिथे त्या परिच्छेदात कोणत्या फॉन्टचे किती आकार वापरले आणि ते नेटवरून आले की यंत्रावरचे, याची यादी असते. वेबफॉन्टशेजारी ‘निर्मला यूआय: २ आकार’ असं दिसलं, तर ती दोन अक्षरं तुमच्या फाइलीत नाहीत. बहुधा ती ‘ॲ’ असतात. या अक्षराला युनिकोडमध्ये जागा २००८ मध्ये मिळाली, त्यामुळे आधी बनलेल्या किंवा हिंदीच डोळ्यांसमोर ठेवलेल्या फॉन्टांत ते राहून गेलेलं असतं. फॉन्ट निवडण्याआधीच पुढची ओळ त्यात टाकून पाहा: ॲप, ऑफिस, बँक, ऱ्हास, करणाऱ्या, दर्‍या, बाळ, हृदय, कृष्ण, ज्ञान, क्षत्रिय, उद्ध्वस्त, चिठ्ठी, कर्तृत्व, मूर्तीं, ₹५००. हीच ओळ कापलेल्या फाइलीवर, स्वस्त अँड्रॉइड फोनवर आणि आयफोनवर पुन्हा बघा, आणि प्रत्येक वेळी मूळ फॉन्टमधल्या दिसण्याशी ताडून पाहा.